तळ्यात की मळ्यात?

माझ्या एका कादंबरीवर मध्यंतरी एका वाचकाचे पत्र आले. मजकूर दोन ओळींचा होता : ‘कादंबरी शेवटपर्यंत वाचली. पण सासू वाईट की सून, हे काही कळले नाही. तरी खुलासा करावा.’ त्या वेळी मी उत्तर पाठवले नाही. आज पाठवतो आहे, कारण हा प्रश्न त्या एकट्या वाचकाचा नाही. तुमच्या-माझ्या घरात तो रोज विचारला जातो.

लहानपणी आपण सगळेच ‘तळ्यात-मळ्यात’ खेळलो आहोत. रेघेच्या ह्या बाजूला तळे, त्या बाजूला मळा. चुकीच्या बाजूला उडी पडली की गडी बाद! खेळ सुटला, पण रेघ काही पुसली गेली नाही. पोरगा बिघडला तर आईच्या लाडाने की बापाच्या धाकाने? नवराबायकोचे पटत नाही, तर खोट त्याच्यात की तिच्यात? एकदा एकाच्या कपाळी दोष चिकटवला की बाकीचे हात झटकून चहा प्यायला मोकळे.

मी स्वतः ह्या खेळातला जुना खेळाडू. माझ्या वर्गात एक मुलगा होता (ओळख पटू नये म्हणून बारकावे बदलले आहेत). दर सोमवारी त्याच्या पोटात दुखे. डॉक्टरांना काही सापडेना. मी आईबापांना शाळेत बोलावले. आई म्हणाली, “हे फार कडक वागतात.” बाप म्हणाला, “मी कडक वागतो, कारण ही त्याला डोक्यावर चढवते.” मी खुर्चीतून निवाडा दिला : आईचे लाड कमी करा. पुढच्या सोमवारी मुलगा आलाच नाही, मंगळवारीही नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता कुटुंबांना समुपदेशन करते. तिला मी ही हकिगत सांगितली. ती म्हणाली, “सर, पोट का दुखतं हे तुम्ही विचारलंत. पोट दुखायला लागलं की घरात काय होतं, हे विचारलंत का?” नव्हते विचारले. पुढे विचारले, तेव्हा कळले की एरवी एकमेकांशी अबोला धरणारे ते दोघे त्या सकाळी एकमेकांशी बोलत. मुलगा ढोंग करत नव्हता. त्याचे पोट खरेच दुखत होते. पण घरातला अबोला मोडायचे काम ते पोट करत होते. बाप कडक म्हणून आई मऊ, आई मऊ म्हणून बाप आणखी कडक. ह्या रहाटगाडग्यातले पहिले गाडगे कोणते, ते सांगा पाहू!

मी मॅट्रिकपलीकडे न शिकलेला माणूस. पण तिने दिलेली पुस्तके शब्दकोश घेऊन वाचली, आणि आपण एकटेच मूर्ख नाही ह्याचा थोडा दिलासा मिळाला. १९४८ साली अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइशमन ह्या नामांकित मनोविश्लेषक बाईंनी छिन्नमनस्कतेच्या मुळाशी विशिष्ट वळणाची आई असते असा शब्दप्रयोग केला, आणि आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या कितीतरी मातांवर आरोपपत्र लागले. पुढे ती कल्पना टिकली नाही. पण त्या मातांची भरपाई कोण करणार? त्याच सुमारास, १९५०च्या दशकात, आपल्याकडे अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबूंत राहायला बोलावत होते. घरच्या माणसाला आरोपी न करता शुश्रूषेतला भागीदार केले, तर काय साधते, ते त्यांनी दाखवले.

इटलीतल्या मिलान शहरी मारा सेल्विनी पालात्सोली, बोस्कोलो, चेक्कीन आणि प्राता ह्या चौघांनी एक प्रसिद्ध निबंध १९८० साली छापला. त्यांची प्रश्न विचारण्याची तऱ्हा मला फार आवडली. ‘आई दुःखी आहे का?’ असे आईला न विचारता मुलाला विचारायचे : ‘आई रडू लागली की बाबा काय करतात? आणि मग ताई काय करते?’ अशाने दोष एकाच्या डोक्यावर बसत नाही. माणसामाणसांमधली ओढाताण दिसू लागते.

झाले! मला वाटले, गुरुकिल्ली सापडली. आणि इथेच माझी दुसरी, अधिक लाजिरवाणी चूक झाली.

काही महिन्यांनी त्या मुलाची आई शाळेत आली. गाल सुजलेला होता. नवऱ्याने हात उचलला होता, आणि पहिल्यांदाच उचलला नव्हता. मी नवे ज्ञान पाजळले : “ताई, टाळी एका हाताने वाजत नाही.” ती शांतपणे म्हणाली, “सर, टाळीला दोन हात लागतात. थोबाडीत मारायला एकच पुरतो.”

तिच्या ह्या दोन वाक्यांत जे होते, त्यासाठी ह्या विद्येतल्या पंडितांनाही बरीच भांडणे करावी लागली. १९८०च्या दशकात ह्याच क्षेत्रातल्या स्त्रियांनी सवाल केला : सगळेच चक्र, सगळ्यांचाच वाटा, तर मारणाऱ्याची जबाबदारी गेली कुठे? न्यूयॉर्कच्या ॲकरमन इन्स्टिट्यूटमधील व्हर्जिनिया गोल्डनर आणि त्यांच्या तीन सहकारी स्त्रियांनी १९९० साली जे मांडले, त्याचा मला कळलेला सारांश असा : मारणारा पुरुष का मारतो, त्याचे बालपण कसे गेले, त्या जोडप्याला एकमेकांची ओढ का सुटत नाही, हे सगळे समजून घ्या, आणि मारण्याची जबाबदारी पूर्णपणे त्याचीच आहे, हेही त्याच दमात सांगा. एक गोष्ट खरी म्हणून दुसरी खोटी पडत नाही.

‘हेही खरे, तेही खरे’ म्हणणाऱ्याला आपल्याकडे गुळमुळीत म्हणतात. दोन्ही डगरींवर हात ठेवणारा तो! माझे म्हणणे नेमके उलट आहे. एकाला खलनायक ठरवणे सोपे, आणि ‘दोघांचेही चुकते’ म्हणून उठून जाणे त्याहून सोपे. अवघड आहे ते समजून घेताना माफ करून न टाकणे, आणि जबाबदार धरताना माणसाला माणसातून न उठवणे. त्या बापाच्या पाठीवर लहानपणी पट्ट्याचे वळ उठत होते, हे मला पुढे कळले. ऐकून डोळ्यांत पाणी आले. म्हणून त्याच्या बायकोच्या गालाची सूज कमी झाली नाही.

माझ्या विद्यार्थिनीने क्रम स्पष्ट सांगितला : आधी मार थांबला पाहिजे आणि बाईला सुरक्षित जागा मिळाली पाहिजे, दोघांना समोरासमोर बसवण्याची गोष्ट त्यानंतर, तीही तिची इच्छा असेल तरच. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तिच्या पाठीशी आहे, हेही तिला सांगितले गेले. ती मुलाला घेऊन भावाकडे गेली. बाप स्वतःहून समुपदेशनाला जाऊ लागला.

‘मग ते घर जुळले की मोडले?’ आलाच का प्रश्न! मुलगा आईजवळ राहतो. रविवारी बापाला भेटतो, दोघे मिळून सायकल पुसतात. सोमवारी तो शाळेत असतो. ह्याला जुळले म्हणायचे की मोडले, ते मला ठरवता येत नाही, आणि मुलानेही ते अजून ठरवलेले नाही.

तेव्हा पत्र पाठवणाऱ्या वाचका, सासू वाईट की सून ह्याचा खुलासा माझ्याजवळ नाही. सासूने सुनेला उपाशी ठेवले, तो तिचा अपराध आहे, आणि तो तिच्याच नावावर राहील. तिलाही कोणी एके काळी उपाशी ठेवले होते. मी तेही लिहिले आहे. पुस्तक तुमच्याकडे असेलच. दोन्ही पाने एकदा एका बैठकीत वाचून पाहा.