प्लग तुटला तर मंडळाकडे या

जुन्या पिकअप ट्रकचे स्पार्क प्लग कुणी घरच्या ड्राइव्हवेत काढायला घेतले आणि एखादा आतच तुटला, की आपल्या पॉटलकमध्ये त्याची दोन प्रकारे फिरकी घेतली जाते. ‘कशाला हात घातलास, डीलरकडे द्यायची ना!’ ही पहिली. दुसरी जरा बोचरी असते: ‘इतकं शिकून इथं आलास ते हात काळे करायला?’ मला दोन्ही अमान्य आहेत. तुटलेला प्लग घरी काढता येतो. त्यात कंजूषपणा नाही आणि आगाऊपणाही नाही. अडचण फक्त अवजाराची आहे, आणि ती आपल्या मराठी मंडळाने सोडवावी अशी माझी मागणी आहे.

आधी तुटतो का ते पाहू. साधारण 2004 ते 2008 मधल्या फोर्ड एफ-150 गाड्यांत 5.4 लिटरचं, सिलिंडरमागे तीन व्हॉल्व्ह असलेलं ट्रायटन व्ही-8 इंजिन येई. त्याचा प्लग दोन भाग एकमेकांत दाबून बसवलेला. आट्यांच्या खाली लांब, पातळ नळी, आणि ती हेडमधल्या अरुंद भोकातून थेट ज्वलनकक्षापर्यंत जाते. नळी आणि भोक यांच्यातल्या फटीत कार्बन साचतो. प्लग बदलायची मुदत एक लाख मैल. तेवढ्या काळात कार्बन सिमेंटसारखा धरतो. मग पाना फिरतो, वरचा भाग सुटून हातात येतो आणि नळी आतच राहते. कधी तिच्यात चिनीमातीचा तुकडाही अडकलेला असतो. म्हणजे दोष रचनेत आहे. कंपनीलाही पुढे प्लग काढण्याची वेगळी पद्धत तांत्रिक परिपत्रकातून कळवावी लागली. काढणाऱ्याला हसण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

मी तेलगावचा. बीड, परळी, माजलगाव आणि धारूरचे रस्ते जिथं मिळतात, तिथला. गावाजवळच सुंदरराव सोळंके साखर कारखाना. गळीत हंगाम लागला की उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टर रात्रंदिवस चालू, आणि त्यांच्या मागोमाग रस्त्याकडेची गॅरेजंही. त्या ट्रकना स्पार्क प्लग नसतोच. डिझेल इंजिनात हवा दाबली जाऊन इतकी तापते की इंधन आपोआप पेटतं. आम्ही पोरांनी प्लग पाहिला तो लुनाचा: काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, परत बसवायचा. पण ट्रकमध्ये तुटून अडकणाऱ्या वस्तू कमी नव्हत्या. मॅनिफोल्डचा स्टड, चाकाचा बोल्ट, हेडमध्ये धरून बसलेलं नोझल. तिथला मिस्त्री अशा वेळी आधी पान्याला हात लावत नसे. डिझेल नाहीतर रॉकेल सोडायचा, चहा घ्यायचा, मग थोडं सैल, थोडं घट्ट, पुन्हा थोडं सैल.

फोर्डच्या परिपत्रकात जवळजवळ हेच सांगितलं आहे. इंजिन थंड असू द्या. कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यातली धूळ साफ करा. प्लग पाव फेऱ्याहून जास्त सैल करू नका. कार्ब्युरेटर क्लीनर सोडा, निदान पंधरा मिनिटं मुरू द्या, मग पुढे-मागे फिरवत वर आणा. करकर आवाज आला तर घाबरू नका. क्लीनर मात्र बेतानं. तो सिलिंडरमध्ये साचला तर द्रव दाबला जात नाही, आणि स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. काही अनुभवी मेकॅनिक इंजिन कोमट असताना प्लग काढावेत असं सांगतात. मी थंडच्याच बाजूचा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर प्लगपेक्षा मोठं दुखणं मागे लागतं.

गावाकडचं सगळंच इथं चालत नाही, हेही सांगायला हवं. तुटलेल्या बोल्टवर नट वेल्ड करून तो फिरवायचा किंवा गॅसच्या ज्योतीने तापवायचा, हे तेलगावात मी अनेकदा पाहिलं. इथं प्लग खोल विहिरीत, आजूबाजूला पेट्रोलची वाफ आणि ज्वालाग्राही क्लीनर. असला जुगाड चुकूनही करू नये. यासाठी वेगळं अवजार मिळतं. लाइल कंपनीचं 65600 क्रमांकाचं पुलर खास याच इंजिनासाठी केलेलं आहे. आधी चिनीमातीचा तुकडा नळीतच थोडा खाली सरकवायचा, मग पुलर नळीत आट्यांनी पकडवायचं आणि वरचा नट फिरवत नळी सरळ ओढून घ्यायची. तुकडा निसटून सिलिंडरमध्ये पडला, तर मात्र तिथेच थांबावं आणि जाणकाराला बोलवावं. त्यात कमीपणा नाही. नवे प्लग अखंड बांधणीचे घ्यावेत. ते दुसऱ्या कंपन्यांनी काढले आहेत. परिपत्रकाप्रमाणे नळीला निकेलचं अँटी-सीझ लावावं.

आता मंडळाकडे येतो. हे पुलर दुसऱ्या कुठल्याच कामाचं नाही. एका घराने एकदा वापरण्यासाठी ते विकत घ्यावं, हे मला पटत नाही. गणपतीच्या जेवणाची मोठी पातेली आपण मंडळात ठेवतोच ना? कुणाकडे मुंज असली की ती वहीत नोंद करून नेतात. मग त्याच कपाटात हे पुलर, एक टॉर्क रेंच आणि लांब सॉकेटचा संच का नसावा? मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी 2012 मध्ये गाडी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मतदानाने मंजूर केला. भारत सरकारनेही डिसेंबर 2022 मध्ये याच हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. पण हक्क कागदावर मिळाला तरी नळी ओढायला पुलर लागतंच.

आक्षेप येईल जबाबदारीचा: गाडी बिघडली तर मंडळ अडकेल. त्याला उपाय सोपा आहे. मंडळ अवजार देईल, दुरुस्ती करणार नाही. नेणाऱ्याने तसं वहीत लिहून सही करावी. दुसरा आक्षेप, ‘आपल्यात ट्रक कितीजणांकडे आहेत?’ थोड्यांकडेच असतील. पण टॉर्क रेंच कारलाही लागतो.

येत्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. आणि ज्यांच्या दारात त्या सालांतला ट्रक उभा आहे त्यांनी ठराव मंजूर होईपर्यंत प्लगला पाना लावू नये.