चित्रकथा हा पोरखेळ नव्हे

मुलाच्या हातीं चित्रकथेचें पुस्तक दिसलें कीं 'कांहीं अभ्यासाचें वाच' म्हणून दरडावणारे सुशिक्षित पालक आमच्या समाजांत अद्याप विपुल आहेत. चित्र ही निरक्षराची कुबडी. अक्षरओळख झाली कीं ती टाकून द्यावयाची, असा त्यांचा सिद्धान्त. तो आम्हांस सर्वस्वीं अमान्य आहे.

पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सुटीं चित्रें एकामागून एक प्रेक्षकांपुढें धरून रामायण-महाभारतांतील आख्यानें सांगत आले. एक चित्र खालीं गेलें व दुसरें वर आलें, कीं मधली पोकळी प्रेक्षक आपल्या कल्पनेनें भरून काढतो. ही पोकळी हेंच चित्रकथेचें मर्म. मग तिनें कल्पनाशक्ति मंदावते असें कोणत्या तोंडानें म्हणावयाचें? २०२१ सालीं परशुराम गंगावणे यांस पद्मश्री मिळाली तेव्हां आम्ही टाळ्या पिटल्या. त्यांच्या कलेपासून शिकलों मात्र कांहींच नाहीं.

परंतु दोष केवळ पालकांचा नव्हे. चित्रांत घोडा धांवतो आहे आणि खालीं 'घोडा धांवत आहे' असें लिहिलें आहे, अशीं पुस्तकें काढणारांनींच ही कला हलकी केली. शब्द व चित्र एकच गोष्ट सांगत असतील, तर दोहोंपैकीं एक फुकटखाऊ होय.

नंदुरबारचेंच उदाहरण घ्या. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं तेथें पोलिसांच्या गोळीबारांत शिरीषकुमारासह पांच जणांनीं प्राण दिले. शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता. आमचा नित्याचा चित्रकार छाती काढलेला मुलगा, रोखलेली बंदूक आणि ठळक अक्षरांतील घोषणा एकाच चौकटींत कोंबील. तें दिनदर्शिकेचें चित्र झालें, कथा नव्हे. जाणता कलावंत पहिल्या चौकटींत मुलांची गर्दी दाखवील, दुसरींत केवळ झेंड्याची काठी धरलेली मूठ, आणि पान उलटल्यावर रिकामा रस्ता. गोळी तो काढणारच नाहीं. ती वाचकाच्या काळजांत सुटेल.

हा केवळ रसिकतेचा वाद नव्हे. धडगांव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत भिली वा पावरी बोलणाऱ्या मुलास क्रमिक पुस्तकांतील मराठी परकी वाटते. चित्रांतून कथा कळली, तर तें मूल अर्थ हातीं घेऊन अक्षरांकडे जाईल. सारा अर्थ खालच्या ओळींत कोंबला, तर चित्रें असूनही तें दाराबाहेरच उभें राहील.

आणि हीं चित्रें काढावयाचीं कोणीं? डोक्यास पिसें खोवलेला 'आदिवासी' शहरांत बसून रंगविणारांनीं खचित नव्हे. दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनीं २०११ सालच्या 'भीमायना'त डॉ. आंबेडकरांचें चरित्र चित्रिलें. सरळ चौकटी त्यांनीं नाकारिल्या आणि आपल्या भिंती-अंगणांवरील दिग्ना नक्षीनें पानें विभागलीं. मृदु बोलांस पक्ष्याचा आकार दिला, विखारी बोलांस विंचवाची नांगी. वाक्य वाचण्याआधींच तें कोणत्या मनांतून आलें हें डोळ्यांस कळतें.

सातपुड्यांतील भिल्ल-पावऱ्यांच्या कथा त्यांच्याच हातांनीं अशा पानांवर याव्या. प्रकाशकांनीं त्यांस मानधनासह बोलवावें, आणि पालकांनीं पुस्तक मुलाच्या हातून हिसकावण्यापूर्वीं एकवार स्वतः पाहावें. पाहतां न येणें हीही एक निरक्षरताच आहे.