कॅमेरा, चलन आणि माणसाचे शरीर

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ मध्ये वेग मोजणारी स्वयंचलित कॅमेरा यंत्रणा सुरू झाली आणि घरोघरी मोबाइलवर दंडाचे संदेश येऊ लागले. तेव्हा पेटलेला वाद अजून शमलेला नाही. जुलै २०२५ मध्ये तर मालवाहतूकदारांनी ई-चलनाविरोधात संप पुकारला. खासगी मोटारमालकही नाराज आहेत. रस्ता सहापदरी, गाडीला एबीएस आणि सहा एअरबॅग; मग ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आज कशासाठी, असे ते विचारतात. हा सुरक्षेचा उपाय आहे की तिजोरी भरण्याचा?

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर गाडीच्या माहितीपुस्तिकेत मिळत नाही. ते शरीराच्या रचनेत शोधावे लागते.

अपघातात एक नव्हे, तीन धडका होतात. पहिली गाडीची, समोरच्या वस्तूवर. दुसरी शरीराची, पट्ट्यावर, स्टीअरिंगवर किंवा काचेवर. तिसरी धडक बाहेरून दिसत नाही. शरीर थांबते, पण आतील अवयव पुढे जात राहतात. मेंदू कवटीवर आदळतो आणि त्यातले नाजूक मज्जातंतू ताणून तुटतात. हृदयातून निघणारी महाधमनी छातीत एका ठिकाणी पाठीच्या बाजूला घट्ट बांधलेली असते. हृदय पुढे झेपावले की नेमकी तिथेच ती फाटू शकते. यकृत आणि प्लीहा चिरतात. मांडीचे एक हाड मोडले तरी एक ते दीड लिटर रक्त आतल्या आत वाहून जाऊ शकते. गेल्या पन्नास वर्षांत गाड्या खूप बदलल्या, पण महाधमनीची भिंत तशीच आहे. एअरबॅग दुसऱ्या धडकेचा जोर कमी करते, तिसरी पूर्णपणे टाळणे तिला शक्य नाही.

या धडकांचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी १०० ऐवजी १२० किलोमीटर म्हणजे वेगात वीस टक्के वाढ, पण धडकेच्या ऊर्जेत ४४ टक्के. साधारण ९४ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग सलग १२०ने कापला, तरी १०० च्या तुलनेत वाचतात जेमतेम नऊ-दहा मिनिटे. घाट, टोलनाका आणि रांगा धरल्या तर तेवढीही नाहीत.

शहरातल्या रस्त्यावर हे गणित अधिक निष्ठुर होते. समजा, दोन गाड्या शेजारून जात आहेत, एक ताशी ५० किलोमीटरने, दुसरी ६५ने. समोर अचानक एक मूल रस्त्यावर येते. धोका लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर पहिली गाडी सुमारे ३५ मीटरवर थांबते. त्याच जागी दुसऱ्या गाडीचा वेग अजून ताशी ५३ किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे एका गाडीपुढचे मूल वाचते. दुसरी गाडी जणू ब्रेक न लावताच त्याच्यावर आदळते. चालकाच्या दृष्टीने मात्र फरक फक्त पंधरा किलोमीटरचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, गाडीचा वेग ५० वरून ६५ वर गेला, तर तिची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पटीने वाढतो.

‘माझी गाडी सुरक्षित आहे’ हा युक्तिवाद इथे कोसळतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के आणि पायी चालणारे १९.५ टक्के. म्हणजे दर तीन मृतांपैकी जवळपास दोघांच्या भोवती ना पत्रा होता, ना एअरबॅग. सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदवले गेले. पोलिसांच्या नोंदीत ‘अतिवेग’ हा शब्द थोडा सैलपणे वापरला जातो, हे मान्य केले तरी चित्र बदलत नाही. धडकेचे कारण काहीही असो, जखम किती खोल होणार हे बहुतेक वेळा वेगच ठरवतो.

मर्यादा हवी हे पटले, तरी कॅमेरा हवा का, हा प्रश्न उरतो. येथे पुरावा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१० मध्ये निरनिराळ्या देशांतील ३५ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. कॅमेऱ्यांच्या परिसरात प्राणघातक आणि गंभीर इजेचे अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. अभ्यासांचा दर्जा सारखा नव्हता, त्यामुळे नेमका आकडा सांगता येत नाही. पण बदलाची दिशा सगळीकडे एकच होती. शिवाय पोलीस चौकात उभा असतो तेवढा वेळच दिसतो आणि त्याच्याशी तडजोडही होऊ शकते. कॅमेरा रात्री अडीच वाजताही जागा असतो.

तरीही औषध गुणकारी असले म्हणून ते कुणालाही, कितीही द्यावे असे होत नाही. एका जागी बसवलेल्या कॅमेऱ्याचा एक दोष जगभर माहीत आहे : चालक त्याच्याआधी ब्रेक मारतो आणि पुढे जाऊन वेग वाढवतो. त्यापेक्षा दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजणे अधिक उपयोगी ठरते. द्रुतगती मार्गावरच्या यंत्रणेत ही सोय आहे आणि ती सर्वत्र असायला हवी.

चालकांच्या काही तक्रारी खऱ्या आहेत. सपाटीवर १००ची मर्यादा घाटात मोटारींसाठी ६०वर येते. तीव्र उतारावर जड वाहनांचे ब्रेक तापून निकामी होत असल्याने घाटातली मर्यादा योग्यच आहे. पण ती कुठे सुरू होते, हे दुरून आणि अंधारातही दिसले पाहिजे. ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार कॅमेऱ्याआधी ठळक सूचनाफलक लावणे, यंत्राचे प्रमाणपत्र दरवर्षी नूतनीकृत करणे आणि पंधरा दिवसांत चलन पाठवणे बंधनकारक आहे. दोन महिन्यांनी येणारा दंड माणसाला चिडवतो, सुधारत नाही. स्वीडनमध्ये या कॅमेऱ्यांना अधिकृतपणे ‘रस्ता सुरक्षा कॅमेरे’ म्हणतात आणि त्यांच्याआधी फलक असतो. चालकाला पकडण्यापेक्षा त्याचा पाय वेगावरून उचलायला लावणे, हा तिथला हेतू आहे.

दुसरी गोष्ट, कॅमेरा एकट्याने फारसे काही करत नाही. द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. पुढच्या काही वर्षांत हा आकडा शंभराच्या खाली आला, तेव्हा आजची कॅमेरा यंत्रणा नव्हती. रस्त्यालगतच्या धोकादायक जागी कठडे, बेशिस्त थांबणाऱ्या ट्रकवर कारवाई, गस्त आणि जखमींना लवकर मदत, असे अनेक उपाय एकत्र झाले. मधुमेहात नुसत्या गोळीने भागत नाही. आहार, चालणे आणि तपासण्याही लागतात. त्यातलाच हा प्रकार.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. कॅमेरे कुठे लागतात? २०२२ मधील सुमारे ३९ टक्के मृत्यू राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांव्यतिरिक्तच्या रस्त्यांवर झाले. शाळेसमोरून, बाजारपेठेतून, गावाच्या वेशीवरून जाणारे हे रस्ते. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने शहरहद्दीत मोटारींना ताशी ७० पर्यंतची कमाल मर्यादा दिली होती. याउलट, फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने पायी चालणारे आणि वाहने एकत्र येतात तिथे ३० किलोमीटरची शिफारस केली. या दोन आकड्यांमधल्या अंतरात शाळेत जाणारी मुले आणि काठी टेकत रस्ता ओलांडणारे वृद्ध सापडतात. कॅमेऱ्याची पहिली गरज त्यांना आहे.

दंडातून किती कोटी जमा झाले, हे आकडे अधूनमधून प्रसिद्ध होतात. त्या रस्त्यावर कॅमेऱ्याआधी किती माणसे दगावली आणि नंतर किती, हे मात्र नागरिकाला सहज कळत नाही. ताप उतरला का, हे न बघता औषधाचे बिल दाखवण्यासारखे ते आहे. प्रत्येक कॅमेऱ्याच्या जागेवरील मृत्यू आणि गंभीर जखमींची संख्या दरवर्षी जाहीर करावी. आकडा खाली आला तर कॅमेरा तिथे राहावा. नसेल तर रस्त्याची रचना तपासून उपाय बदलावा. एवढे झाले, तर तिजोरीबद्दलचा संशय आपोआप कमी होईल आणि मोबाइलवर आलेला दंडाचा संदेश चालकाला निदान समजून घेता येईल.