गोधडीचा हिशेब



या सदरात आपण बियाणे, खते, फवारणी आणि बाजारभाव यांविषयी बोलतो. आज मी गोधडीविषयी बोलणार आहे. ‘साहेब शेती सोडून शिवणकामाकडे कधी वळले?’ असे म्हणू नका. हा विषय शेतीच्याच हिशेबातून निघाला आहे.

गेल्या उन्हाळ्यात ओझरला एका घरी टोमॅटोचा जमाखर्च मांडायला बसलो होतो. हे ओझर म्हणजे जुन्नर तालुक्यातले, कुकडीकाठचे, विघ्नहराचे. रोपे, तार-बांबू, औषधे, नारायणगावच्या बाजारापर्यंतचे भाडे असे आकडे घरमालक सांगत होते आणि मी लिहीत होतो. मजुरीच्या रकान्यात बाहेरून आणलेल्या मजुरांचे पैसे मांडले आणि बेरीज केली. ओसरीवर आजीबाई गोधडी शिवत बसल्या होत्या. हातातला टाका न थांबवता त्या म्हणाल्या, “साहेब, झाडांची बांधणी माझ्या सुनेनं केली, तोडाबी तिनंच केला. ती कुठं लिवली?”

मी वरमलो. पिकाच्या खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरायची असते. आधारभूत किमतीची शिफारस करताना केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोगही ती धरतो. हेच मी पंचवीस वर्षे सभांतून सांगत आलो आणि वहीत मात्र स्वतःच विसरलो! रकाना दुरुस्त केला. मग आजीबाईंना म्हणालो, “आता तुमच्या गोधडीचाही हिशेब मांडू.”

त्यांनी सांगितले, की आदल्या वर्षी दर्शनाला आलेल्या एका शहरी जोडप्याला अशीच एक गोधडी त्यांनी ६०० रुपयांना दिली होती. “जुनी लुगडीच तर होती,” त्या म्हणाल्या. मी विचारले, किती दिवस लागले? रोज दुपारी तीन तास, अशा चोवीस दुपारी. म्हणजे ७२ तास. आठ तासांचा दिवस धरला तर नऊ दिवस. उदाहरणापुरती रोजची मजुरी ३०० रुपये धरली, तरी २,७०० रुपये झाले. दोऱ्याचे १५०. एकूण २,८५०. जुन्या कापडाला शून्य किंमत दिली तरी सव्वादोन हजारांचा तोटा! आजीबाई हसल्या, पण सून हसली नाही.

आता गोधडी म्हणजे नुसती चिंध्यांची चवड नव्हे, हे तुम्हा भगिनींना मी काय सांगावे? खाली-वर मऊ झालेले सुती लुगडे, मध्ये जुनी धोतरे, सदरे. सपाट जमिनीवर अंथरायचे, तळहाताने सुरकुत्या काढायच्या, कडांवर दगड ठेवायचे, लांब टाके घालून थर पक्के करायचे. मग काठापासून आत आत धावदोरा चालवीत मध्यावर यायचे. टाका एकच, साधा. पण तोच थर धरून ठेवतो, ऊब देतो आणि नक्षीही उमटवतो. रब्बी आटोपल्यापासून मृगापर्यंतच्या दुपारी हे काम चालायचे. आता नऊवारी सुती लुगडी घरात राहिली नाहीत, साड्या कृत्रिम धाग्याच्या आल्या, आणि पानिपतची ब्लँकेटे आठवडी बाजारात स्वस्त मिळतात. म्हणून गोधडी मागे पडली.

पण हाताच्या टाक्यावर उभी राहिलेली गावे आहेत. व्हिएतनाममध्ये हनोईजवळ क्वात डोंग नावाचे गाव भरतकामाचे गाव म्हणूनच ओळखले जाते. सतराव्या शतकातील ले कोंग हान्ह यांना तेथील लोक या कलेचे मूळ पुरुष मानतात, त्यांचे देऊळही बांधले आहे. तेथेही तरुण मुले कारखान्याच्या नोकरीकडे वळू लागली आहेत. आपल्या देशातले उदाहरण बिहारचे. मुजफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावी जुन्या साड्यांची ‘सुजनी’ शिवतात. आपल्या गोधडीची ती सख्खी बहीणच. टाकाही तोच, धावदोऱ्याचा. १९८८ च्या सुमारास तेथील बायकांनी एकत्र येऊन हे काम विक्रीसाठी सुरू केले आणि २००६ मध्ये सुजनीला भौगोलिक मानांकन मिळाले. टाका आपल्याकडेही होता. त्याचा हिशेब तेवढा कुणी ठेवला नाही.

मग मोठी गोधडी ३,००० रुपयांना विकायची का? जाणकार गिऱ्हाईक भेटले तर जरूर विका. पण असे गिऱ्हाईक रोज येत नाही. म्हणून सुरुवात लहान वस्तूंनी करा. बाळाचे दुपटे साधारण दहा तासांत होते. त्याच दराने मजुरी ३७५ रुपये आणि दोरा ४० रुपये, म्हणजे खर्च ४१५. याखाली किंमत सांगू नका. ओझर, लेण्याद्रीला येणारे भाविक हे घराजवळचे गिऱ्हाईक आहे. पाच-दहा जणींचा बचत गट असेल तर ‘उमेद’ अभियानाच्या तालुक्यातील कार्यालयात चौकशी करा. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात गटांना जागा मिळते.

काम करताना एवढे ध्यानात ठेवा:

१. कापड सुतीच घ्या. नवे असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात गोधडी आवळते.

२. रंगीत दोरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर चोळून पाहा. रंग लागला तर तो दोरा नको.

३. दोन ओळींत एक बोट अंतर ठेवा. टाके फार ओढू नका. कापड गोळा होते.

४. ठेवताना दोन्ही बाजूंनी ऊन द्या. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि दर वेळी घडी बदला.

५. शिवायला बसलात त्या दिवसापासून तास लिहा. चिठ्ठी गोधडीलाच टाचून ठेवा.

हे पाचवे कलम सर्वांत महत्त्वाचे. घरासाठी शिवलेल्या गोधडीचे पैसे कोणी मागत नाही, मागूही नये. पण घरातल्या बाईचे काम फुकटचे नाही, एवढे घरात सर्वांना माहीत असावे. मग ती टोमॅटोची बांधणी असो की धावदोरा.

दिवाळीनंतर पुन्हा त्या घरी गेलो होतो. ओसरीवर हाती घेतलेली ती गोधडी पुरी झाली होती. नातीच्या बाळंतपणासाठी ठेवलेली, विकायची नव्हती. तरी कोपऱ्याला चिठ्ठी टाचलेली होती: ७८ तास. आणि घरमालकांनी माझ्यापुढे कांद्याची वही उघडली, तेव्हा मजुरीच्या रकान्यात पहिली ओळ सुनेची होती.

तुमच्या वहीत ती ओळ आहे का? नसेल तर आज रात्री जेवणे झाल्यावर वही काढा. आणि भगिनींनो, तुमच्या घरच्या गोधडीचे तास मोजून आम्हाला जरूर कळवा.