परत या, पण कोठें?

परदेशीं गेलेल्या मनुष्यास आपल्याकडे एक प्रश्न हटकून विचारण्यांत येतो. तो दोन वर्षांनीं रजेवर आलेला असो कीं वीस वर्षांनीं आईच्या दिवसांना आलेला असो, ओटीवर बसलेले पहिले वृद्ध गृहस्थ त्यास विचारतात, "मग, कायमचें परत केव्हां येणार?" या प्रश्नास खरें उत्तर कोणालाच नको असतें. "येईन" म्हटलें तर विचारणाऱ्याचा विश्वास बसत नाहीं. "येणार नाहीं" म्हटलें तर तो मनुष्य कृतघ्न ठरतो. आणि समजा, तो खरोखरच बिऱ्हाड गुंडाळून आला, तर तेच वृद्ध गृहस्थ दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्याच्या कानाशीं लागून म्हणतात, "तिकडे कांहींतरी बिनसलेलें दिसतें!" न येणारा कृतघ्न आणि येणारा नालायक, असा हा आपला दुधारी न्याय आहे. त्या न्यायाविरुद्ध चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत पुष्कळ दिवस होतें.

या विषयावर सभांतून व लेखांतून बोलणाऱ्यांचे दोन पक्ष दिसतात. एक पक्ष मातीच्या ओढीचा. त्याच्या मतें जन्मभूमि सोडणें हें पाप आणि परतणें हें प्रायश्चित्त होय. दुसरा पक्ष व्यवहाराचा. पोट भरेल तो देश, असें त्याचें साधें सूत्र. परत येणाऱ्याची त्यास कींव येते. हे दोन पक्ष एकमेकांशीं कितीही भांडोत, एका गोष्टीविषयीं त्यांचें पूर्ण एकमत आहे. परतण्याचा निर्णय म्हणजे जाणाऱ्याच्या शीलाची परीक्षा, असेंच दोघेही धरून चालतात. जी भूमि त्यास बोलावते तिची परीक्षा घ्यावी, हें कोणाच्या मनांतही येत नाहीं. आमचा वाद आहे तो नेमका येथें.

उदाहरण दूरचें नको. पेण व रोहें या तालुक्यांतच एक असा समाज नांदत होता कीं ज्यानें हा प्रश्न एकदां नव्हे, दोनदां आणि कांहींनीं तर तीनदां सोडविला. तो समाज बेने इस्रायलांचा. अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. कोंकणांत त्यांनीं तेलाचे घाणे घातले. शनिवारीं घाणा बंद, म्हणून गांवानें त्यांस शनवार तेली हें नांव दिलें. आडनांवें त्यांनीं गांवांचींच घेतलीं: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, झिराडकर, नवगांवकर. भाषा मराठी, लुगडें मराठी. एलियाहू हन्नाबी याच्या नांवानें मलिद्याचें ताट मांडावयाचें तेंही पोहे, गूळखोबरें व फळें यांचें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांच्यांत अब्राहाम व मोशे यांच्या चरित्रांवर मराठी कीर्तनें होऊं लागलीं. हाएम समुएल केहिमकर यांनीं या समाजाचा इतिहास १८९७ सालीं लिहिला. तो छापून निघाला १९३७ सालीं, आणि तोही तेल अवीवमध्यें. कुलाब्याच्या माणसांचा इतिहास छापावयास कुलाबा जिल्हा सोडून इतक्या दूर जावें लागलें, यांतच पुढील कथेचें बीज आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास हिंदुस्थानांत बेने इस्रायल वीस हजारांच्या घरांत होते. १९४८ सालीं इस्रायलचें राज्य स्थापन झालें आणि कुटुंबें निघूं लागलीं. १९५० सालीं तेथील संसदेनें जो कायदा केला त्याचें नांवच मुळीं परतण्याचा कायदा असें आहे. या नांवाकडे वाचकांनीं क्षणभर नीट पाहावें. ज्याच्या शंभर पिढ्यांनीं भूमध्य समुद्र डोळ्यांनीं पाहिला नाहीं असा रोह्याचा मनुष्य हैफा बंदरांत उतरला, तेव्हां सरकारी कागदावर तो परतलेला होता! आणि उद्यां तोच मनुष्य कुंडलिकेच्या कांठीं येऊन उभा राहिला तर आम्हीही म्हणूं, "परत आलास!" दोन्ही दिशांना परतणेंच. म्हणजे परतणें या शब्दानें दिशा समजत नाहीं; बोलावणारा कोण, एवढेंच समजतें. अशा शब्दाच्या जोरावर कोणाच्याही कर्तव्याचा निवाडा करूं नये, हें त्यांतून निघणारें पहिलें अनुमान.

आतां पुढची हकीकत. नव्या राज्यांत गेलेल्यांस वाळवंटाच्या कडेच्या वसाहती मिळाल्या. काम व घर देतांना आमच्या कातडीचा रंग पाहिला जातो, अशी त्यांची तक्रार होती. १९५१ सालीं बीरशेबा येथील बेने इस्रायलांनीं तेल अवीवमध्यें ज्यू एजन्सीच्या दारांत धरणें धरलें, आणि मागणी केली ती एकच: आम्हांस हिंदुस्थानांत पोंचवा. १९५२ ते १९५४ या काळांत एकंदर ३३७ माणसें कुटुंबवार परत पाठविण्यांत आलीं. आणि कांहीं वर्षांनीं त्यांतील बहुतेक माणसें पुन्हां इस्रायललाच गेलीं.

या ३३७ माणसांची जितकी थट्टा व्हावी तितकी झाली असेल. मातीच्या ओढीचा पक्ष म्हणेल, आले तर आले, मग टिकले कां नाहींत? व्यवहाराचा पक्ष म्हणेल, जावयाचेंच होतें तर आले कशाला? धड ना इकडचे, ना तिकडचे! आमचें म्हणणें याच्या अगदीं उलट आहे. त्या सबंध पिढींत या प्रश्नावर मत देण्याचा अधिकार कोणास असेल तर तो याच माणसांस. येथून न हललेल्यानें फक्त एक देश पाहिलेला. तेथें जाऊन चिकटलेल्यानें दुसरा देश पाहिला, पण सोडलेला देश मागाहून कसा दिसतो हें पाहिलें नाहीं. या लोकांनीं दोन्ही घरांचे उंबरे दोन्ही बाजूंनीं ओलांडले. पहिल्यानें ते वचनावर विसंबून गेले, दुसऱ्यानें अपमान सोसवेना म्हणून आले. तिसऱ्या वेळीं जे गेले ते मात्र कोणाच्या वचनानें गेले नाहींत. दोन्हीकडचें पाणी चाखून गेले. चुकीचा निर्णय फिरविणें यास चंचलपणा म्हणावयाचें असेल, तर मग शहाणपणास दुसरें नांव शोधावें लागेल.

जे तेथेंच राहिले त्यांचीही गोष्ट सांगितली पाहिजे, नाहींतर आमचें म्हणणें एकांगी होईल. १९६१-६२ च्या सुमारास तेथील धर्मपीठानें बेने इस्रायलांच्या विवाहांस आडकाठी घातली. त्यांच्या कुळाची पिढ्यांमागून पिढ्या चौकशी व्हावी असा दंडक निघाला. हा अपमान भाकरीच्या अपमानाहून मोठा होता. येथें घाणा बंद ठेवून ज्यांनीं शनिवार पाळला, त्यांस तेथें विचारण्यांत आलें, तुम्ही खरे यहुदी कशावरून? यावेळीं त्यांनीं परतीचें तिकीट मागितलें नाहीं. जेरुसलेममध्यें ठाण मांडून ते बसले, आणि १९६४ सालीं पंतप्रधान एश्कोल यांच्या सरकारास व संसदेस, बेने इस्रायल सर्वार्थीं समान यहुदी होत, असें जाहीर करावें लागलें. परतणें हेंच जर एकमेव कर्तव्य असतें, तर हा हक्क मिळविण्यास तेथें कोण उरलें असतें? एका अपमानावर निघून येणें योग्य ठरतें, दुसऱ्या अपमानावर ठाम राहणें योग्य ठरतें. यांपैकीं केव्हां काय करावें हें ज्याच्या पाठीवर वळ उठला त्यानेंच ठरवावयाचें असतें. पेणेच्या बाजारपेठेंत बसून तें ठरवितां येत नाहीं.

येथें आमचे देशाभिमानी मित्र एक पान टाकतात, आणि तें खरोखरच हुकमाचें आहे. "जगांत सर्वत्र यहुद्यांचा छळ झाला, आमच्या कोंकणांत कधींही झाला नाहीं. मग ते गेलेच कां?" छळ झाला नाहीं हें अक्षरशः खरें आहे, आणि त्याचा अभिमान आम्हांसही आहे. पण या अभिमानाची मर्यादा ओळखली पाहिजे. छळ न करणें निराळें आणि आपला मानून सांभाळणें निराळें. शेजाऱ्यास आपण कधीं मारलें नाहीं, एवढ्यावर तो जन्मभर आपल्या दारीं राहील अशी अपेक्षा कोण करतो? ते गेले त्यांत धर्माची ओढ होती, इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांचें काय होईल ही धास्ती होती, मुलांचें बरें व्हावें ही इच्छाही होती. या कारणांत लाज वाटण्यासारखें काय आहे? पेणेहून मुंबईस जाणारा मराठा व ब्राह्मण याच कारणांनीं गेला. त्यास कोणी कृतघ्न म्हणत नाहीं, मनिऑर्डर वेळेवर आली म्हणजे झालें.

बरें, आज त्यांतील कोणी, किंवा अमेरिकेंत व इंग्लंडांत स्थायिक झालेला पेण-रोह्याचा कोणीही, "येतों" म्हणाला, तर आम्ही त्यास काय देणार? परदेशाचें नागरिकत्व घेतांच भारताचें नागरिकत्व संपतें. २००५ सालापासून अशांसाठीं ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ या नांवाची सनद मिळते. सनदेच्या नांवांत नागरिक हा शब्द आहे. पण ती जवळ असणाऱ्यास मत देतां येत नाहीं, निवडणुकीस उभें राहतां येत नाहीं, आणि शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. वारशानें आली तर गोष्ट निराळी. म्हणजे ज्याच्या नांवापुढें चार पिढ्या रोहेकर लागलें, त्यास रोह्यांत भाताचें एक खाचर विकत घेण्याची सोय नाहीं! आणि आम्ही त्यास सभेंत हार घालून सांगतों, "हें गांव तुमचेंच आहे."

यावर कोणी म्हणेल, हा निर्बंध काढला तर परदेशी पैसा आमच्या शेतांवर तुटून पडेल. हा आक्षेप पोकळ नाहीं. मुंबईच्या सावलींतील या जिल्ह्यांत जमिनीचें मोल काय चढलें आहे हें सर्व जाणतात. सेझसाठीं जमिनी द्याव्या कीं न द्याव्या यावर २००८ सालीं पेण तालुक्यांतील बावीस गांवांत शेतकऱ्यांचें मत घेण्यांत आलें. त्या वेळीं आपल्या खाचरासाठीं उभे राहिले ते कधींही बाहेर न गेलेले लोक. त्यांचा हक्क पहिला, हें आम्हांस मान्य आहे. कायदा मोडावा असें आमचें म्हणणेंच नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जें देतां येत नाहीं त्याचें निमंत्रण देऊं नये, आणि तें निमंत्रण न स्वीकारणाऱ्यास दोष देऊं नये. अक्षत द्यावयाची आणि पान मांडावयाचें नाहीं, ही कोठली रीत?

शिवाय ज्या गांवीं परतावयाचें तें गांव तरी जागेवर कोठें आहे? कुलाबा जिल्ह्यांतून गेलेल्यांच्या जिल्ह्याचें नांवही १९८१ पासून रायगड झालें. रोह्याशेजारीं धाटावला कारखाने उभे राहिले. रोह्यापासून कोंकण रेल्वे सुरू झाली. आणि दिमोना किंवा अश्दोद येथें जन्मलेल्या नातवंडांस रोहें हें आजीच्या तोंडचें एक नांव आहे. आजीचें जें परतणें तें त्या नातवंडांचें परदेशगमन होईल. आपल्या विरहाचें औषध म्हणून तिसऱ्या पिढीस पुन्हां निर्वासित करावें काय, हा प्रश्न मातीच्या ओढीचे कवि विचारीत नाहींत; तो त्या आजीस मात्र रात्रीं विचारावा लागतो.

मग निर्णय करावा तरी कसा? आमच्या मतें तीन गोष्टी पाहाव्या. मी येऊन तेथें करणार काय? कोणत्या हक्कानें राहणार? आणि माझ्या ओढीची किंमत दुसरा कोण भरणार? या तिहींचीं उत्तरें ज्याच्यापाशीं आहेत त्यानें खुशाल यावें, आणि आम्ही त्यास "तिकडे काय बिनसलें?" असें विचारूं नये. ज्याच्यापाशीं नाहींत त्यानें तेथेंच राहावें, आणि आम्ही त्यास कृतघ्न म्हणूं नये. पेणेच्या गणेशमूर्ति दरवर्षीं सातां समुद्रांपलीकडे जातात. तेथेंच त्यांची प्रतिष्ठा होते, तेथेंच विसर्जन होतें. म्हणून त्या पेणेच्या नव्हत असें कोणी म्हणत नाहीं. मातीच्या मूर्तीस जो न्याय आपण लावतों तो हाडामांसाच्या माणसास लावण्यास काय हरकत आहे?

परत येण्याचा आग्रह धरण्यापेक्षां आमच्या अंगीं येणारीं कामें निराळीं आहेत, आणि तीं पडून आहेत. आज सबंध देशांत यहुदी लोक पांच हजारांच्या आंतबाहेर उरले. महाराष्ट्र सरकारनें त्यांस अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली ती २०१६ सालीं, म्हणजे जाणारे निघूं लागल्यावर अडुसष्ट वर्षांनीं. पेणेचें सिनेगॉग, अष्टमीचें सिनेगॉग, गांवोगांवच्या कबरस्थानांतील मराठी अक्षरांचे दगड, यांची राखण ही जाणाऱ्यांची जबाबदारी नव्हे. मागें राहिलेल्यांची आहे. तिकडे मायबोली या नांवाचें मराठी नियतकालिक त्यांनीं इस्रायलांत चालविलें. त्याचे अंक रायगड जिल्ह्यांतील किती वाचनालयांनीं मागविले, हा प्रश्न प्रत्येक वाचनालयाच्या चिटणीसानें स्वतःस विचारावा. अलिबागजवळ खंडाळें येथें एलियाहूच्या रथाची खूण पाहावयास ते आजही येतात. तेथून निघून पूर्वजांचें घर शोधीत एखादें म्हातारें जोडपें पेणेच्या किंवा अष्टमीच्या आळींत आलें, तर त्यास ओटीवर बसवावें, पाणी द्यावें, घर दाखवावें, आणि "परत केव्हां येणार?" हा प्रश्न तेवढा गिळून टाकावा. त्याऐवजीं "आपल्या आजोबांचें नांव काय?" असें विचारावें. त्या प्रश्नाचें उत्तर त्यांच्यापाशीं आहे, आणि तें ऐकून घेण्याची पात्रता आमच्यापाशीं असली पाहिजे.