झोपेनेही न जाणारा थकवा

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेनऊला वस्तीतली एक बाई आमच्या दारात आली. "जयभीम भाऊ. पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून द्या, उद्या शेवटची तारीख आहे." आम्ही ऑफिस आणि मंडळाची मीटिंग आटोपून नुकतेच ताटावर बसलो होतो. एकदम खेकसलो, "आम्ही काय मशीन आहोत? इतके दिवस झोपला होता का?" बाई मुकाट्याने परत गेली. मुलांची आई एवढेच म्हणाली, "तुम्ही पूर्वी असे नव्हता."

ते शब्द लागले. मग एकेक गोष्ट ध्यानात आली. रविवारी दिवसभर झोपूनही सोमवारी अंग जड. फोन वाजला की कपाळाला आठी. साधी बेरीज तीनदा चुकायची. आणि मनात सारखे, 'एवढे करून काय उपयोग?'

याला 'बर्नआउट' म्हणतात. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली यावर लिहिले. ते दिवसभर स्वतःचे काम करून रात्री मोफत दवाखान्यात सेवा देत. तिथे तळमळीने राबणारी माणसेच आतून विझताना त्यांनी पाहिली. स्वतःही ते त्यातून गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे. संघटना याला आजार म्हणत नाही. नोकरीतला ताण दीर्घकाळ आवरला गेला नाही की असे होते, असे ती सांगते. आमचा अनुभव असा, की फुकट केलेली सेवा आणि घरातले राबणेही माणसाला असेच झिजवते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही त्या बाईच्या घरी गेलो, माफी मागितली आणि ऑफिसला जाण्याआधी फॉर्म भरला. नंतर मंडळात स्पष्ट सांगितले, "एकट्याने होत नाही." तीन कॉलेजच्या मुलांना फॉर्म भरायला शिकवले. आता मंगळवारी व शुक्रवारी संध्याकाळी तेच बसतात. जेवताना आम्ही फोन बाजूला ठेवतो. महिन्यातला एक रविवार घरचा. त्या दिवशी पाणी भरणे आणि भांडी आमच्याकडे. कारण मुलांच्या आईला तर कुठलीच सुट्टी नव्हती, हेही आम्हाला उशिराच कळले.

थकवा रक्त कमी असल्याने, थायरॉइडने किंवा साखरेनेही येतो, म्हणून तपासणी करून घ्यावी. दोन आठवडे मन उदास राहिले, झोप-भूक गेली किंवा जगणे नकोसे वाटू लागले तर डॉक्टरांना गाठावे. 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येते.

वाचकहो, तुमच्या घरातले शांत माणूस हल्ली उगाच चिडत असेल, तर उलट बोलण्याआधी त्याच्या हातातले एक काम आपल्याकडे घ्या.