तेच माप आणि खरे माप



गळीत हंगाम तोंडावर आला की शेतकी खात्याकडे ज्या तक्रारी येतात त्या बहुतेक मापाच्या. क्षेत्र कमी लागले, ब्रिक्स कमी दाखवला, काट्यावर वजन कमी भरले. त्यावर ठरलेले उत्तर असते, "पुन्हा मोजतो, बघा." पुन्हा मोजले, तेवढेच आले, की दोन्ही बाजूंचे समाधान होते. आमचे म्हणणे असे की, एवढ्यावर समाधान मानू नये.

३३ फुटी साखळीच घ्या. कड्या ताणून ती ३४ फूट झाली आणि आपण ती ३३ फुटांचीच धरून चाललो, तर ४० गुंठ्यांचा एकर ३७.७ गुंठेच भरतो. दहा वेळा मोजा, दहाही वेळा तेवढाच. मापे एकमेकांशी जुळणे याला शास्त्रात परिशुद्धता म्हणतात आणि माप खऱ्याशी जुळणे याला अचूकता. पहिली असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही.

रिफ्रॅक्टोमीटर विंचूर भागाला नवा नाही. द्राक्षाची गोडी आपण त्यावरच बघतो. २० अंश सेल्सिअसला जुळवलेले, तापमानाची आपोआप दुरुस्ती न करणारे यंत्र ३० अंशांच्या उन्हात साधारण पाऊण ब्रिक्स कमी दाखवते. सगळ्या फडांची तपासणी त्याच यंत्राने, सारख्याच तापमानात झाली तर तोडीचा क्रम फारसा बिघडत नाही, कारण चूक सगळ्यांना सारखीच. पण दोन गटांत दोन यंत्रे फिरली, की एकावर अन्याय झालाच म्हणून समजा. शिवाय बांधावरचा एकच ऊस दहा वेळा तपासला तर आकडा पक्का येईल, पण तो त्या उसाचा, फडाचा नव्हे. त्यासाठी फडात आत शिरून निरनिराळ्या ठिकाणचे ऊस घ्यावे लागतात, आणि त्यांचा बुडखा व शेंडा दोन्ही बघावे लागतात.

वजनात मात्र पैसाच गुंतलेला. एका खेपेला वीस किलो जास्त, दुसरीला वीस किलो कमी, ही चूक हंगामभरात बरीचशी फिटते. पण दर खेपेला एक टक्का कमी दाखवणारा काटा शंभर टनांमागे एक टन खातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला ठरवलेल्या एफआरपीने त्या एका टनाचे ३,५५० रुपये होतात. काटा जास्त दाखवत असेल तर कारखाना बुडतो, आणि कारखाना काय परक्याचा आहे?

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. वैधमापन खात्याची वार्षिक पडताळणी होतेच. तरी हंगामाच्या मध्यावर सभासदांसमक्ष प्रमाणित वजने ठेवून काटा तपासावा. रिकामा काटा शून्य दाखवतो एवढ्याने भागत नाही, भरल्या गाडीच्या वजनाजवळ तो काय दाखवतो ते बघावे. साखळी मोजणीआधी पोलादी टेपशी ताडून घ्यावी. रिफ्रॅक्टोमीटरवर रोज सकाळी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्य बघावे, आणि ते सभासदालाही दाखवावे.

सभासदांनीही "पुन्हा मोजा" म्हणण्याआधी "कशाशी ताडून बघितलंय?" असे विचारावे. विचारायला संकोच नको. तो आपला हक्क आहे, आणि उत्तर देणे आम्हा शेतकी खात्याचे काम आहे.

ऊस विकास अधिकारी